लोणार अन् सिंदखेडराजा एका दिवसात? (राहायची सोय असलेली कॅम्पर गाडी, घरीच शिकणारी मुलं)

प्रश्न: मुलं 9 आणि 12 वर्षांची. पाऊस उघडला की निघायचं. निवांत जमेल का? गाडी कुठं लावावी?

उत्तर 1: दिवस लोणारलाच घाला. दैत्यसूदन मंदिरात टॉर्च न्या, छतावरचं कोरीवकाम नाहीतर दिसतच नाही. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, पाणी अल्कधर्मी. तांबडा लिटमस बुडवला की निळा होतो. रसायनशास्त्र काठावरच उरकतं!

उत्तर 2: काळ्या मातीत गाडी घालू नका. वर खपली वाळलेली, खाली चिखल. चाक रुतलं की ट्रॅक्टरच बोलवा. मुरूम बघून लावा, निघताना सिलेंडरचा रेग्युलेटर बंद.

उत्तर 3: सिंदखेडराजा दुसऱ्या दिवशी. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. 12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, मात्र तोबा गर्दी.