जनरल अरुणकुमार वैद्यांवर पंधरा मिनिटं बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

कोपरीकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (ठाणे पूर्व) २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की कुणीतरी एकाने पंधरा मिनिटं बोलायचं असा नियम आहे, नियम कसला, सेक्रेटरींची हौस, वडा-चहाच्या आधी दरवर्षी एक बकरा लागतो आणि यंदा तो मी. मिटिंगमध्ये उत्साहात बोलून गेलो की माजी लष्करप्रमुख जनरल वैद्यांवर बोलतो, कारण माझं आजोळ अलिबागचं आणि वैद्यांचा जन्मही अलिबागचाच, १९२६ सालचा. आता वाचायला बसलोय तर जिथे बघावं तिथे दोनच गोष्टी, ब्लू स्टार (१९८४ ची सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई) आणि पुण्यातली हत्या. अरे पण माणूस १९४५ ला सैन्यात गेला आणि १९८६ ला रिटायर झाला, मधली चाळीस वर्षं काय करत होता? दोनदा महावीरचक्र मिळालं म्हणतात, पण कशासाठी विचारलं की "अतुलनीय शौर्य" म्हणून मोकळे. मला रणगाड्यातलं ओ की ठो कळत नाही, मी बँकेत आहे.

अजून एक अडचण. आमच्याच मजल्यावर एक सरदारजी काका राहतात, वीस वर्षांचा शेजार, ते पहिल्या रांगेत बसलेले असणार. ब्लू स्टारचा विषय गाळून टाकू का?

रिटायर्ड_ईएमई
कामोठ्याहून. मी आर्मर्डचा (रणगाडा दलाचा) नाही, ईएमईत होतो, म्हणजे त्यांनी बिघडवायचे आणि आम्ही दुरुस्त करायचे. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

वैद्य साहेब मूळचे डेक्कन हॉर्सचे. १९६५ ला तेच या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर (सीओ) होते, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. पंजाबात खेमकरणच्या बाजूला आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने ६ सप्टेंबरला केलेला हल्ला फसला, डिव्हिजन मागे आली आणि असल उत्तर नावाच्या गावाभोवती घोड्याच्या नालासारखी फळी धरून बसली. समोरून पाकिस्तानची अख्खी १ आर्मर्ड डिव्हिजन, पॅटन रणगाडे, ९० मिलिमीटरची तोफ, त्या काळातला अमेरिकेचा नामी माल. आणि डेक्कन हॉर्सकडे काय होतं तर शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले, तुमच्या भाषेत समोर नवी कोरी फॉर्च्युनर आणि आपण वडिलांची पद्मिनी घेऊन शर्यतीला.

शर्मनच्या गोळ्याने पॅटनचं पुढचं चिलखत लांबून फुटत नाही. मग करायचं काय, तर लांबून मारायचंच नाही. उसाच्या शेतात इंजिन बंद करून दबा धरून बसायचं, समोरचा जवळ येऊ द्यायचा, त्याने कूस दाखवली की मारायचं. पाणी सोडून शेतं चिखल करून ठेवली होती, त्यात ते पॅटन जाम रुतले. बोलायला हे सोपं आहे, पण तुमच्याकडे पन्नास टनांचं धूड सरळ चालून येतंय आणि सीओ रेडिओवर सांगतोय की थांब, अजून थांब, तेव्हा पोरांनी ऐकायला हवं ना? ती पोरं ऐकतील असा सीओ असणं ही वैद्यांची कमाई. ते स्वतः गोळाबारीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत राहिले, पहिलं महावीरचक्र त्याचं. ८ ते १० सप्टेंबर तीन दिवस हे चाललं, आपल्या आकड्याप्रमाणे त्यांचे ९७ रणगाडे गेले, काही फुटले, काही धड हाती लागले. भिखीविंडला ते ओळीने उभे करून ठेवले तर लोक त्याला पॅटन नगरच म्हणायला लागले. हे एकट्या वैद्यांचं काम नव्हतं हे जरूर सांगा, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, जीपवरची रिकॉइललेस गन (रणगाडे फोडायची हलकी तोफ) घेऊन अब्दुल हमीद होते, ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

आणि गावाचं नाव बघा, असल उत्तर. मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, तुमची सुरुवात इथूनच करा.

कोपरीकर
साहेब दंडवत. पद्मिनीचं उदाहरण चोरतोय. ७१ चं पण सांगा ना.

रिटायर्ड_ईएमई
७१ ला ते ब्रिगेडियर, १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड, जागा शकरगढ. या वेळी हाताखाली सेंच्युरियन, १०५ ची तोफ, त्यामुळे यंत्राची बाजू बरी होती, अडचण जमिनीत होती. बसंतर नाल्याच्या दोन्ही अंगांना खोल माइनफील्ड. इंजिनियर्सनी सुरुंग काढून वाट मोकळी करायची आणि मग टँक जाणार, पण १५ डिसेंबरच्या रात्री पायदळ पलीकडे पोचलेलं, शत्रूचे रणगाडे त्यांच्यावर येताहेत आणि वाट अजून पूर्ण साफ झालेली नाही. वैद्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे टँक त्या अर्धवट वाटेतूनच पलीकडे घुसले. दुसऱ्या दिवशी तिथेच पूना हॉर्सचे तरुण अधिकारी अरुण खेत्रपाल पडले, वय २१. यातलं कुणाचं श्रेय किती यावर आमच्यात अजून वाद होतात, कारण पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर हनुत सिंग हे स्वतःच एक प्रकरण होतं, पण ब्रिगेड वैद्यांची आणि चक्रा, देहलरा (ही गावांची नावं), बसंतर हा सगळा धोका डोक्यावर घेतला त्यांनी. दुसरं महावीरचक्र याचं. दोन महावीरचक्रं असलेली माणसं आजवर फक्त सहा.

उरणफाटा
छान चाललंय पण सगळंच गोड गोड नको. १९८३ ला वैद्य लष्करप्रमुख झाले तेव्हा त्यांना सिनियर असलेले लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा व्हाइस चीफ होते, इंदिराबाईंनी त्यांना डावललं, सिन्हांनी राजीनामा दिला. मराठी माणूस चीफ झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि हे सोयीस्कर विसरतो. हीच गोष्ट उलटी झाली की मात्र आपल्याला राग येतो, कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल थोरात आठवा. ईस्टर्न कमांडला होते, १९५९ मध्येच नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) संरक्षणाबद्दल वरती लेखी इशारा दिलेला, तेव्हाचे चीफ थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचं नाव सुचवलं होतं, १९६१ ला खुर्ची मिळाली थापरांना आणि ६२ ला काय झालं ते जगजाहीर आहे.

रिटायर्ड_ईएमई
मान्य, पण त्यात वैद्यांचा काय दोष? ते ईस्टर्न कमांडचे आर्मी कमांडर होते, दोन लढाया टँकमध्ये लढलेले, काही कच्चे नव्हते. सरकारने ज्याला नेमलं तो चीफ. आणि सिन्हा साहेब नंतर आसाम आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले, एवढंही सांगून टाका मग.

उरणफाटा
दोष म्हणत नाहीये, उल्लेख करा म्हणतोय. कोपरीकर, "पहिले मराठी लष्करप्रमुख" असं मात्र चुकूनही म्हणू नका, लगेच मागच्या रांगेतून कुणीतरी जनरल बेवूरांचं नाव घेतो, मग बेवूर मराठी की कानडी यावर अर्धा तास जातो आणि वडे गार.

नेरूळची_मावशी
मी तेव्हा पुण्यात होते, लष्करात मामा होते त्यांच्याकडे. १० ऑगस्ट १९८६, रविवार. सकाळी जनरल वैद्य आणि त्यांच्या मिसेस बाजार करून घरी निघाले होते, साधी मारुती, स्वतः चालवत होते. मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या, त्या पण जखमी झाल्या. आमच्याकडे दुपारी बातमी आली तेव्हा मामी पानं वाढत होती, कुणी जेवलं नाही, आणि मामा एकच म्हणत राहिले की गाडीत भाजी होती. का कोण जाणे पण मला एवढंच लक्षात राहिलंय. रिटायर होऊन सहा-सात महिने झाले होते. जिंदा आणि सुखा या दोघा मारेकऱ्यांना १९९२ ला येरवड्यात फाशी झाली.

ब्लू स्टार गाळू नका हो. गाळलंत तर तो माणूस का मारला गेला हेच कळणार नाही. फक्त चार वाक्यांत सांगा, निर्णय सरकारचा, चीफ वैद्य, वेस्टर्न कमांडला सुंदरजी, प्रत्यक्ष आत गेलेल्या डिव्हिजनचे ब्रार, तेही शीखच. आणि त्यानंतर काही शीख तुकड्यांमध्ये बंड झालं, रामगढच्या शीख रेजिमेंट सेंटरचे कमांडंटच मारले गेले, म्हणजे चीफ म्हणून त्यांना आपल्याच जवानांशी ते निस्तरावं लागलं. हे मला ब्लू स्टारपेक्षाही अवघड वाटतं.

रिटायर्ड_ईएमई
मावशी बरोबर बोलल्या. भर म्हणून, सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, पण १९८४ च्या एप्रिलचं, चीफ हेच. दोन महिन्यांच्या अंतराने, एक कुणाला आठवत नाही आणि दुसरं कुणी विसरत नाही.

जमलं तर एक रविवार काढून नगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. कल्याण-मुरबाड-माळशेज, सकाळी लवकर निघा. शर्मन आणि पॅटन पाठोपाठ बघा आणि शर्मनला हात लावा, मग पंधरा मिनिटं कमी पडतील.

कोपरीकर
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. काल सरदारजी काकांकडे गेलो, सरळ विचारलं. आधी चहा झाला, बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले ८४ वर बोलायचं तर बोल, खरं बोल, मी तेवढा वेळ खाली वड्यांच्या ऑर्डरचं बघतो. आणि मग स्वतःहून म्हणाले की त्यांचं गाव खेमकरणपासून फार लांब नाही, ६५ ला ते सात-आठ वर्षांचे होते, रात्रीतून बैलगाडीत घालून त्यांना गावाबाहेर काढलं, परत आले तेव्हा चुलत्याच्या उसात एक पॅटन रुतलेला आणि पोरं त्याच्यावर चढून खेळत होती. असल उत्तरच्या भागाला ते खाली जाणार नाहीत, समोरच बसणार आणि मी चुकलो तर तिथल्या तिथे टोकणार.

नगरला पण तेच येताहेत बरोबर, पुढच्या रविवारी. मुरबाडच्या पुढे सध्या रस्ता कसा आहे, कुणी गेलंय का इतक्यात?