विषय: शनिवारी ब्रुकनरचं रेक्वियम, जरूर या

सर्वांना सप्रेम नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता आमच्या पॅरिशच्या चर्चमध्ये आमचा कोरस गाणार आहे. तिकीट नाही, दाराशी देणगीची पेटी असेल.

इथे ऑस्ट्रियात, लिंझमध्ये राहून ब्रुकनर या संगीतकाराचं नाव कानावर पडलं नाही असं होत नाही. कॉन्सर्ट हॉल त्याच्या नावाचा, संगीताची युनिव्हर्सिटी त्याच्या नावाची. पण आम्ही त्याच्या त्या अवाढव्य सिंफनींच्या वाटेला जात नाही आहोत. सिंफनीला त्याने हात घातला तोच चाळिशीच्या तोंडावर. आम्ही गाणार आहोत १८४९ सालचं डी मायनर या स्वरश्रेणीतलं रेक्वियम. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि सेंट फ्लोरियन या मठाच्या गावी शाळेत मास्तर होता.

याच्या आधी दोन छोट्या रचना आहेत. एक विंडहागची मिसा, म्हणजे चर्चच्या उपासनेत गायची रचना, १८४२ची. एक अल्टो (बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज), दोन हॉर्न आणि ऑर्गन, बस. सतराव्या वर्षी तो बोहेमियाच्या हद्दीजवळच्या त्या खेड्यात सहायक शिक्षक म्हणून गेला. पहाटे चर्चची घंटा वाजवायची, मुलांना शिकवायचं, मग शेतात गवत कापायला आणि खत पसरायला जायचं, अशी ती नोकरी. गावात जे गाणारे-वाजवणारे होते, तेवढ्यांसाठीच त्याने ही मिसा लिहिली. अल्टोचा भाग मी गाणार आहे.

दुसरी रचना म्हणजे १८४७चे दोन ‘एक्वाले’, एकाच जातीच्या वाद्यांसाठीचे छोटे तुकडे, फक्त तीन ट्रोम्बोनसाठी, मावशीच्या अंत्यविधीकरता लिहिलेले. मृत्यूच्या प्रसंगी ट्रोम्बोन वाजवायची रीत या भागात जुनीच. १८१२ साली बेथोव्हन लिंझला आला होता, तेव्हा त्यानेही इथल्यासाठी असे तीन एक्वाले लिहून दिले होते.

पाहते वाट,
तुमची अल्टोवाली ताई

* * *

ताई, नमस्कार.

निमंत्रण वाचून आनंद झाला. मनात एक शंका आहे, विचारून टाकतो. रेक्वियम म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना ना? पुढच्या आठवड्यात दिवाळी आहे. नातवंडं आमच्याकडेच आहेत. सणाच्या तोंडावर त्यांना असलं ऐकायला न्यावं का? शिवाय शनिवारी फराळाची वाटावाटी ठरली आहे.

दुसरं असं, यूट्यूबवर थोडं ऐकलं. सुरुवात मोझार्टच्या रेक्वियमसारखीच वाटली. माझा कान चुकतोय का?

काका

* * *

काका,

तुमचा कान अजिबात चुकत नाही. डी मायनर तोच, आणि व्हायोलिनची ती अडखळत पुढे जाणारी लय मोझार्टचीच. ‘दिएस इरे’ या भागात तर सांधे दिसतात, आणि ‘क्वाम ओलिम’ या भागाच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून आवाज एकामागून एक उचलतात तिथे, घोकून आलेला हुशार विद्यार्थी दिसतो. म्हणून जाणकार मंडळी १८६४च्या मिसापासून खरा ब्रुकनर धरतात आणि याला उमेदवारी म्हणून बाजूला ठेवतात. मला हे पटत नाही. पाच महिने रोज गळ्यातून जाणारी गोष्ट आहे, म्हणून ठामपणे सांगते.

हे रेक्वियम कुणी पैसे देऊन मागितलेलं नव्हतं. मठाच्या कचेरीतले फ्रान्झ झायलर हे त्याचे वडीलधारे स्नेही. ते १८४८च्या सप्टेंबरात गेले आणि जाताना आपला बोझेनडॉर्फर पियानो या तरुण मास्तरच्या नावाने ठेवून गेले. वडील बाराव्या वर्षीच गेलेल्या मुलासाठी हे केवढं असेल! त्याच पियानोवर तो पुढे मरेपर्यंत काम करत राहिला. १४ मार्च १८४९ला रेक्वियम पूर्ण झालं आणि १३ सप्टेंबरला, झायलरांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, सेंट फ्लोरियनला गायलं गेलं. वर्षश्राद्ध हा शब्द मी ओढूनताणून वापरत नाही, तो दिवस खरंच तोच होता.

‘होस्तियास’ या भागाकडे लक्ष द्या. तिथे बायका गप्प बसतात, फक्त पुरुषांचे आवाज उरतात. आणि शेवटाकडे एक जागा येते, तिथे सगळी वाद्यं थांबतात. ऑर्गनसुद्धा. नुसते गळे ‘रेक्वियम एतेर्नाम’ म्हणतात, अगदी हळू. माझे बाबा गेले तेव्हा मला विमान मिळून पुण्याला पोचेपर्यंत दहावा उलटला होता. घरात सगळे जेवणाच्या व्यवस्थेत होते आणि रडायला जागाच नव्हती. तालमीत ती जागा पहिल्यांदा आली तेव्हा मला गाता आलं नाही. शेजारच्या बाईंनी काही न विचारता माझी ओळ धरून ठेवली.

मुलांचं म्हणाल तर जरूर आणा. इथे २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या सुमाराला दफनभूमीत दिव्यांची नुसती रांग असते, ती तुम्ही बघितलीच असेल. आणि आपणही धनत्रयोदशीला दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावतोच की.

ताई

* * *

नमस्कार,

मी यादीवर फारसा लिहीत नाही, पण विंडहागचा तो मास्तर वाचून राहवलं नाही. आमचं घर गोव्यात सासष्टीत. शेजारी मेस्त्रचं, म्हणजे पॅरिशच्या संगीत-मास्तरचं, घर होतं. पॅरिशच्या शाळेत मुलांना दो-रे-मी शिकवायचं, व्हायोलिन हातात द्यायचं, रविवारी कोरस उभा करायचा, लग्नात वाजवायचं आणि मयताला गायचं, ही सगळी कामं त्या एकाच माणसाची. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात नाव काढलेले कितीतरी गोंयकार अशाच शाळांतून शिकून गेले. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मेस्त्रच्या ओसरीवर मोतेतांची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, तालीम चाले. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट आणि लॅटिन शब्द. आम्ही हिंदू पोरं पायरीवर बसून ऐकायचो, आम्हांला कुणी उठवलं नाही. मी येतोय. ट्रोम्बोन तिन्ही असणार ना?

एक गोंयकार

* * *

सर्वांना,

फराळाची वाटावाटी शनिवारऐवजी रविवारी सकाळी ११ वाजता. काकांशी बोलणं झालं आहे. ज्यांना गाडीत जागा हवी त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.

सचिव

* * *

सचिवसाहेब, मनापासून आभार.

गोंयकार दादा, तिन्ही आहेत, आल्टो, टेनर आणि बास. ‘बेनेदिक्तुस’मध्ये हॉर्नही येतो, तो चुकवू नका. तुमची पायरीवरची आठवण मी काल तालमीआधी आमच्या कंडक्टरबाईंना जर्मनमध्ये सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा सगळ्या कोरसला सांगायला लावली.

मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. ‘कुम सांक्तिस’ हा शेवटचा भाग संपला की बाई हात हळूहळू खाली घेतात, ते पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. रेक्वियम सुमारे ४० मिनिटांचं आहे. काका, नातवंडांना डावीकडच्या बाकांवर बसवा, तिथून ट्रोम्बोनवाले नीट दिसतात. चर्चमध्ये हीटिंग नाही, म्हणून शाली आणा. माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत, त्या पहिल्या बाकावर ठेवते.

ताई