ऐकू येईनासं झालं की बोलणंही का बिघडतं?

कानामागून: वय 41. सहा वर्षांपूर्वी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) झाला आणि दोन्ही कान गेले. उजव्या कानात मशीन घातलं की थोडंफार कळतं. माझं बोलणं होतं तसंच आहे, अशी माझी ठाम समजूत. परवा लिफ्टमध्ये मी धाकटीच्या कानात काहीतरी कुजबुजले, तर सगळी लिफ्ट वळून बघायला लागली. घरी आल्यावर तिने वहीत लिहिलं, "आई, तू ओरडत होतीस. आणि 'सात'चं 'शात' करतेस." घसा तोच, जीभ तीच, मग बिघडलं काय? आणि हे असंच वाढत जाणार का?

सावकाश_बोला: मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्या घशाला काही झालेलं नाही. बोलताना आपण स्वतःचं ऐकत असतो आणि नकळत दुरुस्त करत असतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो तोही त्यामुळेच. लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी हे 1911 मध्ये मांडलं. तुमची ही दुरुस्ती थांबलीय. 'स'ची सळसळ बरीचशी 4000 हर्ट्झच्या वर, म्हणजे फार उंच पट्टीत असते, ती मशीनमधूनही धड पोचत नाही. त्यात 'स' आणि 'श'मध्ये जिभेचा फरक केसाएवढा. 'प', 'म' टिकतात, कारण ओठ मिटल्याचं ओठांनाच कळतं.

आवाज चढतो तो आतल्या कानाच्या दोषात. मधल्या कानाचा दोष असेल तर उलट, माणूस हळू बोलतो. स्वतःचा आवाज हाडांतून त्याला मोठा ऐकू येतो.

बिघाड वाढला तरी फार सावकाश वाढतो, आणि सरावाने रोखता येतो. कॉक्लिअर इम्प्लांटनंतर (आतल्या कानात ऑपरेशनने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) काही महिन्यांत आवाज सावरलेले बरेच जण पाहिलेत. तपासून घ्या.

आरसेवाला: ताई, तुमच्याकडे निदान मूळ प्रत तरी आहे. मी जन्मतः बहिरा, मला तीही नव्हती. आरशात 'प', 'फ', 'ब', 'म' सगळे सारखेच दिसतात. बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या. 'प'ला ती जेमतेम हलायची, 'फ'ला उडायची. 'ब'ला माझा हात त्यांच्या गळ्यावर, 'म'ला बोट नाकपुडीवर. 'क'ने मात्र रडवलं. तो पार मागे, आरशात दिसतच नाही. टाळूचा मागचा पडदा कधी उचलायचा हेही दिसत नाही, म्हणून मी अजून नाकातून बोलतो म्हणे. अनोळखी लोक विचारतात, "कुठल्या देशाचे?" पूर्वी समजावत बसायचो. आता एखादा लांबचा देश सांगून मोकळा होतो.

आवाजासाठी तळहात छातीवर ठेवा. छाती घुमली की समजा, लिफ्टभर ऐकू गेलं.

कानामागून: दोघांचे आभार. आरसेवाले दादा, तो देश कुठला ते सांगून ठेवा, मलाही लागेल. छातीवर हात ठेवून पाहिला. माझी 'कुजबुज' चांगलीच घुमत होती! आता धाकटीने नियम केलाय, मी चढले की ती टेबलावर थाप मारते, ती मला कोपराला कळते. काल सातचा पाढा म्हणायला लावला. सात पंचे पस्तीसपर्यंत निभावलं. सातसक बेचाळीसला कार्टी हसून लोळली.