प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज: पहिला भाग संपला, दुसरा खेळत राहावं का?

रानवारा
झाडं लावून घराकडे येणाऱ्या झॉम्बींना अडवायच्या या खेळात, छपरावरच्या लढतीत झॉम्बींचा म्होरक्या डॉक्टर झॉम्बॉसला हरवून पहिला भाग पुरा केला आणि आता चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. म्हणून लगेच दुसरा डाउनलोड केला. त्यातल्या इजिप्तच्या जगात आहे, पण हात बसत नाही. झाडं लावायला खर्चायचे सूर्य भराभर साठतात, झॉम्बीही भराभर येतात, विचाराला उसंतच नाही. दोन्ही भाग मन लावून खेळलेल्यांनी सांगा: हा पुढे रंगतो का? आणि पैसे न भरता शेवटपर्यंत जाता येतं का?

हिरवी_वाट
रंगतो. फक्त पहिल्या भागाची सवय बाजूला ठेवावी लागते.

खरा फरक सूर्याच्या हिशोबात आहे. 2009 च्या पहिल्या भागात एक सूर्य 25 चा आणि सूर्य देणारं सूर्यफूल 50 चं. लावलेलं फूल दोन सूर्यांनी फिटतं. मग वाटाणे मारणारा 100 चा पीशूटर लावायचा की आणखी दोन फुलं, ही घालमेल सुरू होते, आणि माझ्या मते त्या खेळाचा जीव तिथेच आहे. 2013 च्या दुसऱ्या भागात एक सूर्यच 50 चा. फूल एका सूर्यात वसूल होतं, म्हणून बाग लवकर उभी राहते आणि हल्लाही लवकर अंगावर येतो.

त्यात प्लांट फूडची, म्हणजे झाडाला क्षणभर जबर ताकद देणाऱ्या खुराकाची भर. हिरवा चमकणारा झॉम्बी मारला की ते मिळतं. पीशूटरला दिलं की वाटाण्यांचा नुसता वर्षाव. पहिल्या भागात एखादी रांग ढासळली की चेरी बॉम्ब तयार असेल तर ठीक, नाहीतर रांगेच्या टोकाला झॉम्बींना चिरडायला उभ्या लॉनमोवरवर भरवसा. इथे आयत्या वेळी रांग वाचवता येते. यामुळे खेळ सोपा झाला असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या भागातलं डार्क एजेस हे जग. तिथे कायम रात्र, आकाशातून एकही सूर्य पडत नाही. सगळी मदार सूर्य देणाऱ्या सन-श्रूम या अळंबीवर, आणि ते सुरुवातीला अगदी थोडं देतं. हातातलं प्लांट फूड हल्ल्यासाठी राखायचं की सन-श्रूमला देऊन ते क्षणात पूर्ण वाढवायचं? पहिल्या भागातली तीच घालमेल इथे नव्या रूपात भेटते.

बाकी जगांनाही आपापले नियम आहेत. वाइल्ड वेस्टमध्ये रुळांवरच्या गाडीतून झाड एका रांगेतून दुसरीत सरकवता येतं, बिग वेव्ह बीचवर भरती-ओहोटी चालू असते. पण पहिल्या भागातल्या छपराच्या उताराची सर कशालाच नाही. वाटाणे उतारावर आपटतात, आणि इतका वेळ ज्यांच्या जोरावर खेळलो ती झाडं निकामी होऊन कोबी फेकणाऱ्यांना पुढे आणावं लागतं. एवढा साधा आणि एवढा पक्का बदल दुसऱ्या भागात मला सापडला नाही.

सावकाश
वरचं सगळं मान्य, पण सीड पॅकेटचं राहिलं. नंतरच्या अपडेटमध्ये ही पाकिटं जमवून झाडांची लेव्हल वाढवायची सोय आली, आणि ती मला मनापासून खटकते. पहिल्या भागात सगळ्यांचा पीशूटर सारखाच. हरलात तर मांडणी बदलायची, एवढंच. इथे हरल्यावर मांडणी चुकली की झाड कच्चं पडलं तेच उमगत नाही.

पैशांचं म्हणाल तर काही झाडं विकतची आहेत, पण जगं पार करायला त्यांची गरज पडत नाही. खेळता खेळता मिळणारी झाडं पुरतात.

पाऊलखुणा
पहिला भाग इतक्यात सोडू नका. त्यातला 'आय, झॉम्बी' हा प्रकार खेळलात का? त्यात आपण झॉम्बींच्या बाजूने असतो आणि सूर्य खर्चून त्यांनाच पाठवतो. झाडांच्या मांडणीत फट कुठे राहते ते तिथे नीट कळतं.

रानवारा
'आय, झॉम्बी' उघडलाच नव्हता, आज रात्री बघतो. हिरवी_वाट, डार्क एजेसपर्यंत नक्की जाणार. पण सध्या तो मशालवाला झॉम्बी झाडं जाळत सुटलाय, त्याचं काय करू?

हिरवी_वाट
आइसबर्ग लेट्यूस हे झाड. त्याला सूर्य लागतच नाही, फुकट लावता येतं. मशालवाला जवळ आला की त्याच्या पुढ्यात ठेवा, तो गोठतो आणि मशालही विझते. मग तो साधाच झॉम्बी. मागे ब्लूमरँग हे झाड ठेवा, त्याचा मारा जाताना आणि परत येतानाही लागतो. फक्त लेट्यूस फार आधी लावू नका, पुढे चालणारा दुसराच कोणी त्यावर पाय देतो आणि ते वाया जातं.