मदत हवी आहे: कॉकाटीलसाठी यूव्हीबी दिवा किती अंतरावर लावावा?

आमचा फ्लॅट उत्तराभिमुख असल्याने कॉकाटीलच्या (छोट्या पाळीव पोपटांच्या) जोडीला थेट ऊन मिळत नाही, आणि बंद खिडकीतून जो उजेड येतो त्यातील यूव्हीबी (उन्हातील अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण काच अडवत असल्याने ड जीवनसत्त्वासाठी त्याचा उपयोग होत नाही. मादीच्या अलीकडच्या अंड्यांची कवचे पातळ निघाली. एक तर बोट लागताच दबले. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तपासून कॅल्शियम व ड३ चे थेंब सुरू केले आहेत, पिंजऱ्यात समुद्रफेस असतो आणि राळ्यासोबत शेवग्याचा पालाही देतो. आणखी अंडी होऊ नयेत म्हणून घरट्याची पेटी काढली असून रात्रीचा अंधार बारा तासांचा केला आहे. जुनी चोकवाली ट्यूबलाइटही बदलली, कारण आपल्याला न दिसणारे तिचे लुकलुकणे पक्ष्यांना जाणवू शकते. मांजरांमुळे पिंजरा बाल्कनीत ठेवता येत नाही.

येथील दुकानांत सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे ५.० आणि १०.० क्रमांकाचे यूव्हीबी दिवे मिळतात (क्रमांक मोठा तितके यूव्हीबी जास्त). ‘मोठा नंबर घ्या’ हा दुकानदाराचा सल्ला मात्र पटत नाही. दिवा वरूनच लावावा, मध्ये काच किंवा प्लास्टिक नसावे आणि पक्ष्यांना सावलीत सरकता यावे, एवढे ठाऊक आहे. ज्यांनी असा दिवा प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे: ५.० ची टी५ (बारीक व्यासाची) ट्यूब पिंजऱ्याच्या जाळीवरून लावल्यास बसण्याच्या दांडीपासून किती इंचांवर असावी, रोज किती तास लावावी, आणि ती सुरू केल्यावर ड३ चे थेंब कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे लागेल का?