हेमोलॉक क्लिप युरेटरवर लॉक झाली तर रोबोटिकमध्ये कशी काढावी?

प्रश्न (युरॉलॉजी रेसिडेंट): रोबोटिक पार्शल नेफ्रेक्टॉमीत (किडनीचा भाग काढण्याच्या ऑपरेशनमध्ये) गोनॅडल व्हेनला (अंडाशय किंवा वृषणाकडून येणाऱ्या शिरेला) लार्ज हेमोलॉक (लॉक होणारी प्लॅस्टिकची क्लिप) लावताना मागचा युरेटर (मूत्रवाहिनी) आत सापडून लॉक बसला, तर तो सोडवायचा कसा? मोनोपोलर (विजेच्या करंटने कापणाऱ्या) कात्रीने कापलं तर चालेल का?

उत्तर १: कात्री नको, आणि ओढणं तर अजिबात नको. क्लिपला आतून दाते असतात. लॉक असताना ओढली की युरेटरची ॲडव्हेंटिशिया (बाहेरचं आवरण) सोलून निघते आणि तिच्यातला रक्तपुरवठाही जातो. पॉलिमरमधून करंट जात नाही, तो शेजारच्या ओल्या टिश्यूत उतरतो. क्लिप तशीच राहते आणि युरेटर भाजतो.

आधी व्हेन कापलेली आहे का ते बघा. असेल तर क्लिप सुटताच तिचं टोक मोकळं होणार, म्हणून ते ग्रास्परमध्ये धरून ठेवा किंवा अलीकडे दुसरी क्लिप लावा. सक्शन आत, ४-० प्रोलीन (टाक्याचा धागा) तयार. मग असिस्टंट पोर्टमधून हेमोलॉकचा रिमूव्हर घ्या, क्लिपच्या मापाला जुळणारा. त्याचे जबडे आकड्याच्या (लॉक अडकवणाऱ्या हूकच्या) टोकावर बसले पाहिजेत, बिजागरीवर नाही. आकडा दिसत नसेल तर ३० अंशांचा स्कोप उलटा फिरवा. आकडा न दिसता दाबू नका.

उत्तर २: रिमूव्हर बऱ्याच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नसतो. तेव्हा हार्मोनिकने (अल्ट्रासॉनिक कंपनाने कापणाऱ्या हत्याराने) बिजागरी कापा. ॲक्टिव्ह ब्लेड युरेटरपासून दूरच्या बाजूला ठेवा आणि थांबत थांबत चालवा. ब्लेड बंद केल्यावरही काही सेकंद तापलेलं असतं, त्याने लगेच युरेटर उचलू नका. बिजागरी तुटली की क्लिप त्या बाजूने उघडते, मग अलगद सरकवा. दोन नीडल ड्रायव्हरनी आकडा उचकटताही येतो, पण फोर्स फीडबॅक नसलेल्या रोबोटवर किती जोर लागतोय ते हाताला कळत नाही. आकडा एकदम सुटतो आणि ड्रायव्हर पुढे जाऊन आदळतो. मोठ्या व्हेनजवळ मी हा मार्ग सुचवणार नाही.

प्रश्नकर्ता: आणि टायटॅनियमची क्लिप असेल तर?

उत्तर २: तिला लॉक नसतो. बंद टोकाची कमान नीडल ड्रायव्हरने दाबली की पाय फाकतात.

उत्तर ३ (ओटी सिस्टर): हेमोलॉक एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून हरवलेला तुकडा सी-आर्मने (ओटीतल्या एक्स-रे मशीनने) सापडणार नाही. कापायच्या आधीच तुकडे किती होतील ते स्क्रब सिस्टरला सांगा. प्रत्येक तुकडा काढल्यावर ट्रेवर जोडून बघा, क्लिप पूर्ण जुळली पाहिजे. काढलेली क्लिप परत वापरू नका.

उत्तर १: शेवटी युरेटर. रंग आणि पेरिस्टॅल्सिस (लाटेसारखी हालचाल) बघा, सोय असेल तर आयसीजी (रक्तपुरवठा दाखवणारा चमकणारा डाय) द्या. चिरडल्याची खूण दिसली तर डीजे स्टेंट (युरेटरमध्ये ठेवायची नळी) घाला आणि साधारण ४ ते ६ आठवडे ठेवा. तो भाग काळपट पडला असेल तर स्टेंटवर भागवू नका. काढून टाका, टोकं स्पॅच्युलेट करून (उभी चिरून रुंद करून) ताण न येता जोडा. क्लिप काढल्याची नोंद ऑपरेशन नोटमध्ये जागेसकट करा. पुढे हायड्रोनेफ्रोसिस (लघवी अडून किडनी फुगणं) दिसला तर कुठे बघायचं ते त्यावरूनच कळेल.