मेंदू आणि मायक्रोचिप एकाच पदवीत: फायदा की फरफट?

कृष्णाकाठ, सांगली
भाचीनं इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलंय. आता तिला न्यूरोसायन्स (मेंदूचं शास्त्र) आणि मायक्रोसिस्टिम्स (चिपएवढी सूक्ष्म उपकरणं) एकत्र शिकवणारी पीएच.डी. करायचीय. मी विरोधात. चार वर्षं सर्किटं शिकलीस, त्यातच खोल जा की! मेंदू बघायला डॉक्टर आहेत. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या.

मिरजकर डॉक्टर
थांबा जरा. सिलिकॉन काचेसारखं ताठ, मेंदू खरवसाहून मऊ. माणूस श्वास घेतो तसा मेंदू कवटीत हलतो, सिग्नल टिपायला आत रोवलेली सिलिकॉनची सुई मात्र तशीच ताठ. महिन्या-दोन महिन्यांत तिच्याभोवती ग्लिअल पेशींचा (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा) व्रणासारखा थर चढतो आणि सिग्नल विझत जातो. सर्किट बिनचूक असतं बरं का! मुळात सिग्नल शंभरेक मायक्रोव्होल्टचा, त्यातून हे. एमबीबीएसला आम्हाला सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर कुणी शिकवला नाही, आणि इंजिनिअरला व्रण कुणी दाखवला नाही.

अजिंक्यतारा, सातारा
म्हणून एकाच पोरीच्या डोक्यावर दोन ओझी? हॉजकिन-हक्सले या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूवरून विद्युत-संदेशाचं गणित मांडलं, 1963 ला नोबेल मिळालं. संयुक्त पदवी कुठली होती? 2017 चा न्यूरोपिक्सेल्स प्रोब, म्हणजे मेंदूत रोवायची सिलिकॉनची सुईसुद्धा चिपवाले आणि मेंदूवाले एकत्र बसूनच झाला.

मिरजकर डॉक्टर
त्याच प्रोबवर 960 इलेक्ट्रोड (सिग्नल टिपणारे बिंदू) आहेत, पण एका वेळी वाचता येतात 384. सगळे का नाहीत? कारण तेवढ्या तारांसाठी प्रोबची दांडी जाड केली तर जास्त पेशी मरतात. तारा किती सोडायच्या आणि जाडी किती ठेवायची, हा सौदा दोन्ही भाषा येणाराच करतो. राहिले हॉजकिन, तर ते स्वतःचे अँप्लिफायर स्वतः जुळवायचे. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं!

तारषड्ज
आमच्या मिरजेतला सतारमेकर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी (सुराचा झंकार) काढतो. मैफल करत नाही, पण कान पक्का लागतो.

अजिंक्यतारा, सातारा
मग कान द्या की, पदवी कशाला? दोन-चार विषय जादा घ्या, सहा महिने मेंदूच्या प्रयोगशाळेत बसा. माझा विरोध दोन्हीकडच्या पात्रता परीक्षांना आहे. त्यात पोरं पिचतात.

मिरजकर डॉक्टर
परीक्षांचं मान्य.

कृष्णाकाठ, सांगली
सतारीचं पटलं, थोडंफार. पण नोकरीचं कुणीच बोललं नाही.

मिरजकर डॉक्टर
मिरजेत नाही मिळणार. खरं तेच सांगतो.